गारगोटी, चकमक आणि इतर दगड: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नांगरट झाली की शेतातले दगड वर येतात आणि आमच्याकडे दगडांविषयीची पत्रेही त्याच सुमारास येतात. बहुतेकांनी पत्रात दगडाचा रंग अगदी बारकाईने लिहिलेला असतो. पण तो फुटतो कसा, खिळ्याने ओरखडतो का, कुठे आणि कशाच्या शेजारी सापडला, हे लिहायचे राहून जाते. दगड ओळखताना रंगाचा उपयोग सर्वात शेवटी होतो, म्हणून या वेळी निवडलेल्या पत्रांची उत्तरे जरा सविस्तर देत आहोत.

प्रश्न: आमच्या शाळेतील मुलांनी आसपासच्या शेतांतून पांढरे, करडे, तांबूस असे पन्नासेक कठीण दगड जमवले आहेत. घरची वडीलधारी माणसे काहींना गारगोटी म्हणतात, काहींना चकमक. यात फरक काय? प्रयोगशाळा नसताना वर्गात हे दगड ओळखता येतील का?
एक शिक्षिका, सिन्नर तालुका

उत्तर: बोलीभाषेत गारगोटी म्हणजे कुठलाही कठीण, पांढुरका, काचेसारखा दगड. चकमक हे नाव कामावरून पडले आहे. पोलादावर घासून ठिणगी पाडता येते तो दगड चकमकीचा. त्यामुळे एकाच दगडाला एका घरात गारगोटी आणि शेजारच्या घरात चकमक म्हणतात, आणि दोन्ही घरे बरोबर असतात.

भूशास्त्रज्ञ ज्याला काटेकोरपणे फ्लिंट म्हणतात तो दगड मात्र खडूच्या खडकात तयार होतो. महाराष्ट्रात तसा खडूचा खडक नाही. आपल्याकडे त्याचे भाऊबंद सापडतात: कॅल्सेडनी, अकीक, जास्पर आणि चर्ट. सगळे सिलिकाचेच, म्हणजे वाळू आणि काच ज्याची बनते त्याच पदार्थाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर साचले. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेले पाणी या पोकळ्यांतून झिरपत राहिले आणि त्या आतून भरत गेल्या. या लाव्हाचा झालेला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, कुजून त्याचा मुरूम झाला, मुरमाची माती झाली, पण सिलिकाचे गोळे कुजले नाहीत. ते तसेच मातीत उरले. काळ्या रानात पांढऱ्या गारगोट्या कुठून येतात, याचे उत्तर हे आहे.

आता वर्गातली तपासणी. साहित्य साधे आहे: दहापट मोठे दाखवणारे भिंग, लोखंडी खिळा, तांब्याच्या तारेचा जाड तुकडा, काचेची रिकामी बाटली, अर्धे लिंबू, दात घासायचा जुना ब्रश आणि पाणी. परदेशी पुस्तकांत तांब्याचे नाणे वापरायला सांगितलेले असते. आपली सध्याची एक आणि दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची आहेत, ती तांब्यापेक्षा कठीण असल्याने निकाल चुकतो. म्हणून तार घ्या.

दगड आधी ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ओला दगड कसलाही असला तरी चकाकतो आणि इथेच निम्म्या चुका होतात. वाळल्यावर बाहेरची साल सोडून फुटलेली बाजू शोधा. साल उन्हापावसाने खडबडीत, खडूसारखी किंवा तपकिरी झालेली असते. तिच्यावर केलेली कुठलीही परीक्षा सालीची होते, आतला दगड तपासायचा राहूनच जातो.

फुटलेली बाजू शिंपल्याच्या आतल्या भागासारखी गुळगुळीत, वक्र आहे का ते पाहा. तिच्यावर पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वलये दिसतात का? चमक मेणासारखी आहे का? एखादा पातळ तुकडा दोन बोटांत धरून उन्हाकडे करा. कॅल्सेडनीची कड शिजलेल्या साबुदाण्यासारखी उजळते. आतून धूसर प्रकाश येतो, पण पलीकडचे बोट स्पष्ट दिसत नाही. त्यात एकाआड एक पट्टे दिसले तर तो अकीक. कड पातळ असूनही प्रकाश अजिबात आला नाही आणि दगड लाल, पिवळा किंवा तपकिरी असला तर जास्पर. चर्ट या दोहोंच्या मधला, करडा आणि मंद चमकीचा. साधी पांढरी गार, म्हणजे शिरेतले क्वार्ट्झ, वेगळी फुटते. तिची फूट ओबडधोबड, चमक काचेची, आणि भिंगाखाली जाड्या खडीसाखरेचा तुकडा मोडल्यासारखे पृष्ठ दिसते.

मग काठिण्य. तांब्याची तार आणि खिळा दोन्हींनी या दगडांवर ओरखडा उठत नाही. उलट दगडाच्या टोकाने बाटलीच्या बुडावर रेघ पडते. बाटली हातात न धरता टेबलावर फडक्यात ठेवा, म्हणजे फुटली तरी हात कापणार नाही. मुलांची हमखास चूक होते ती अशी: कठीण दगडावर खिळा घासला की करडी रेघ उमटते आणि मुले म्हणतात, दगड ओरखडला. प्रत्यक्षात ती खिळ्याच्या लोखंडाची पूड असते. ओल्या बोटाने पुसून पाहा. रेघ पुसली गेली तर खिळा झिजला, नखाला चर लागली तर दगड. दाणेदार दगडावर उलटी चूक होते. वालुकाश्माचे कण कठीण असले तरी एकमेकांपासून सुटतात, त्यामुळे कठीण कणांचा दगड मऊ वाटतो.

शेवटी लिंबू. खिळ्याने थोडी पूड काढा, तिच्यावर दोन थेंब रस टाका आणि भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे आले तर तो कॅल्साइट किंवा चुन्याचा दगड. सिलिकावर काहीही होत नाही. वर्गात ॲसिड वापरू नका, लिंबाने किंवा व्हिनेगरने भागते.

एखादा दगड फोडावाच लागला तर मोठ्या माणसाने, उघड्यावर, डोळ्यांना गॉगल लावून आणि दगड ओल्या गोणपाटात गुंडाळून फोडावा. या दगडाची कपची ब्लेडइतकी धारदार असते आणि डोळ्याच्या दिशेने उडते. धूळही घातक आहे. खंभातच्या अकीक कारागिरांना सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसांच्या आजाराने फार छळले आहे. शाळेत दोन-चार दगड फोडून आजार होत नाही, पण कोरडे फोडून धूळ उडवण्याची सवय मुलांना लावू नये.

प्रश्न: रात्री दोन पांढऱ्या गारगोट्या एकमेकींवर घासल्या की उजेड पडतो आणि जळका वास येतो. मग कापूस का पेटत नाही?
गिर्यारोहण करणारा एक वाचक, पुणे

उत्तर: तो उजेड ठिणगीचा नाही. क्वार्ट्झवर घर्षण झाले की स्फटिकाच्या फुटत्या कडांवर क्षणभर प्रकाश दिसतो. त्यात जळणारे काही नसते, त्यामुळे कापूस तासभर घासूनही पेटणार नाही.

चकमकीची ठिणगी दगडाची नसतेच, ती पोलादाची असते. दगडाची धारदार कड पोलादाचा अगदी बारीक कीस काढते. तो कीस घर्षणाने तापलेला असतो आणि हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन जळतो. म्हणून तीन गोष्टी लागतात. पोलाद जास्त कार्बनचे आणि कडक असावे. मोडकी जुनी कानस उत्तम, स्टेनलेसचा चमचा निरुपयोगी. दगडाची कड नुकती फुटलेली, काटकोनाहून लहान कोनाची असावी. नदीतली गोल गारगोटी कितीही चांगल्या जातीची असली तरी ठिणगी देत नाही, ती आधी फोडावी लागते. आणि ठिणगी झेलायला साधा कापूस चालत नाही. सुती कापड झाकणाला बारीक छिद्र असलेल्या डब्यात तापवून काळे, पण राख न झालेले, करून घ्यावे. ते दगडाच्या वरच्या बाजूला कडेलगत अंगठ्याखाली धरावे आणि कानस वरून खाली ओझरती मारावी. ठिणगी कापडावर पडली की लाल ठिपका पसरू लागतो, तो गवताच्या घरट्यात ठेवून फुंकर घालायची. चकमकीच्या बंदुकीतही हेच चालायचे. घोड्यातला दगड पोलादी पट्टीवर आपटून तिचा कीस काढायचा.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. ठिणगी पडली म्हणून दगड फ्लिंट ठरत नाही. क्वार्ट्झ, जास्पर, क्वार्टझाइट (वाळूचे कण एकजीव होऊन झालेला कठीण खडक) सगळे ठिणगी देतात. ही परीक्षा काठिण्याची आहे, जातीची नाही.

प्रश्न: घोड नदीकाठच्या आमच्या शेतात बोटाच्या पेराएवढे, धारदार कडांचे, दुधी रंगाचे तुकडे पुष्कळ सापडतात. ही प्राचीन माणसांची हत्यारे असतील का, की रोटाव्हेटरने फुटलेल्या गारगोट्या?
एक शेतकरी, शिरूर तालुका

उत्तर: तुमच्या नदीकाठी ही शक्यता खरोखर आहे. शिरूर तालुक्यातच घोडकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली आणि त्या लोकांची रोजच्या कापाकापीची पाती कॅल्सेडनीची होती. तांबे दुर्मिळ होते, गारगोटी दारात होती. म्हणून तुमचे तुकडे नीट पाहण्यासारखे आहेत.

एक तुकडा घ्या आणि त्याची सपाट बाजू तिरप्या उन्हात धरा. माणसाने ठोकून काढलेल्या छिलक्याच्या एका टोकाला छोटी सपाट जागा असते, तिथे ठोका बसलेला असतो. तिच्या लगेच खाली पृष्ठभाग किंचित फुगलेला असतो. अंगठा फिरवला की हा फुगवटा डोळ्यांआधी बोटाला कळतो. तिथूनच वलये पसरत जातात, त्यांचा मध्य शोधला की ठोक्याची जागा सापडते. आता तुकडा उलटा करा. पाठीवर आधी काढलेल्या छिलक्यांच्या खुणा, म्हणजे उथळ खोबण्या, एकाच दिशेने गेलेल्या असतील आणि दोन्ही कडा समांतर धावत असतील, लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त असेल, तर ते पाते आहे. अशी पाती ज्या दगडातून काढतात तो गाभाही जवळपास सापडायला हवा. त्याच्या अंगावर उभ्या समांतर खोबण्या असतात.

एकट्या फुगवट्यावर विसंबू नका. नांगराचा फाळ, गाडीचे चाक, पुरात एकमेकांवर आदळणारे दगड यांनीही फुगवटा आणि वलये तयार होतात, कारण दगडाला मारणाऱ्याचा हेतू कळत नाही. फरक पडतो तो पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या क्रमात. रोटाव्हेटरने पडलेले कपचे कडेवर कुठेही, दोन्ही बाजूंनी, वेड्यावाकड्या अंतरावर असतात आणि त्यांचा रंग उरलेल्या दगडापेक्षा ताजा असतो. जुन्या खोबणीवर मातीत राहून एक दुधी किंवा पिवळसर झाक येते, ताज्या कपच्यावर ती नसते. पाचट किंवा बांध जाळल्यानंतर दगडावर गोल, उथळ खळगे पडतात आणि जाळीदार भेगा येतात. त्या उष्णतेच्या, हाताच्या नव्हेत. एका शेतात पन्नास तुकडे, त्यात दहा सारख्या आकाराची पाती, दोन गाभे आणि सोबत रंगवलेल्या खापराचे तुकडे असे काही असेल तर मात्र थांबा.

थांबा म्हणजे वेचू नका. तुकडा कुठल्या जागी, कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होता यातच त्याची सगळी माहिती असते. पिशवीत भरलेली शंभर पाती अभ्यासकाला जागेवरच्या पाच पात्यांइतकेही सांगू शकत नाहीत. जागेवरच मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपा, बांधापासूनचे अंतर लिहा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. स्वतः खणू नका. संरक्षित ठिकाणी तर परवानगीशिवाय खोदणे गुन्हा आहे.

एक पुरवणी. आणखी जुनी हत्यारे गारगोटीची नसतात. प्रवरेकाठी नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. त्या परिसरात पूर्व पुराश्मयुगातल्या जड हातकुऱ्हाडी काळ्या पाषाणाच्या आहेत आणि नंतरच्या काळातली लहान हत्यारे चर्ट, जास्पर, अकीक यांची. काळ्या दगडाची फूट मंद असते, पृष्ठ कुजून तपकिरी झालेले असते आणि वलये पुसट होतात. म्हणून नवखा माणूस चकाकणारे पाते उचलतो आणि शेजारची हातकुऱ्हाड ओलांडून जातो.

प्रश्न: दगडखाणीजवळ फुटलेल्या कातळात पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक मिळाले. दुकानदार सगळ्यांना एकच नाव सांगतो. घरी वेगळे कसे ओळखावेत?
एक वाचक, वाघोली परिसर

उत्तर: तुमचा परिसर या बाबतीत जगप्रसिद्ध आहे. वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. स्फटिक ओरबाडून पाहण्याआधी आकार पाहा, कारण चांगल्या नमुन्यावर ओरखडा काढला की तो बिघडला.

सहा बाजूंचा खांब, वर टोकदार टोपी आणि खांबाच्या बाजूंवर आडव्या बारीक रेघा असतील तर क्वार्ट्झ. ते काच कापते आणि ठरावीक पातळीत चिरत नाही. चौकोनी खांब, वर पिरॅमिड, रंग नितळ किंवा हिरवट, आणि आडवे चिरल्यावर मोत्यासारखी चमक असेल तर ॲपोफिलाइट. फिकट गुलाबी, मध्ये बांधलेल्या पेंढीसारखा दोन्हीकडे पसरलेला गुच्छ म्हणजे स्टिलबाइट. त्यावर खिळ्याने सहज ओरखडा उठतो. पांढऱ्या सुयांचा फवारा असेल तर स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट, या दोघांत घरच्या घरी भेद करता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. तिरक्या खोक्यासारखे तुकडे पडत असतील, लिंबाला बुडबुडे येत असतील तर कॅल्साइट. त्याचा नितळ तुकडा वर्तमानपत्रावर ठेवा, प्रत्येक अक्षर दुहेरी दिसेल. ही परीक्षा एकदा पाहिलेले मूल कॅल्साइट विसरत नाही.

यांतले स्टिलबाइट, स्कोलेसाइट आणि मेसोलाइट हे झिओलाइट कुळातले. झिओलाइट हे नाव १७५६ साली स्वीडनच्या क्रॉन्स्टेट यांनी दिले. अर्थ आहे उकळणारा दगड. तापवल्यावर त्याच्या स्फटिकात अडकलेले पाणी फसफसून बाहेर येते. म्हणून असे नमुने धुऊन कडक उन्हात किंवा हीटरजवळ वाळवू नका. ॲसिडने स्वच्छ करण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो पाळला तर सुयांचे टोक चिकट होऊन चमक जाते. मऊ रंगकामाचा ब्रश आणि साधे पाणी पुरे, आणि सुयांना तर तेही नको, हवेने फुंकावे. चालू खाणीत मात्र कुठल्याही स्फटिकासाठी शिरू नका. सुरुंगानंतर कड्यात सैल झालेला दगड बाहेरून दिसत नाही.

प्रश्न: लालभडक दगड म्हणजे रक्ताकीकच ना?
एक वाचक, नंदुरबार

उत्तर: उन्हाकडे धरा. कडा नारिंगी-लाल उजळल्या तर कार्नेलियन, ज्याला रक्ताकीक म्हणतात. पूर्ण अपारदर्शक राहिला तर जास्पर. बाजारातला गडद लाल मात्र बहुधा तापवलेला असतो. गुजरातमध्ये रतनपूरचा पिवळट अकीक आधी उन्हात वाळवून मग मडक्यात मंद आचेवर तापवण्याची पद्धत खूप जुनी आहे. दगडातल्या लोहाच्या संयुगातून पाणी निघून गेले की ते लाल होते. घरी चुलीत दगड टाकून हा प्रयोग करू नका. आत ओल राहिलेली असली तर दगड फुटून कपचे उडतात.

प्रश्न: काळ्या मातीत बटाट्याएवढे पांढरे गोळे निघतात. गारगोट्या आहेत का?
एक शेतकरी, परभणी जिल्हा

उत्तर: नाही, ती चुनखडी. खिळ्याने सहज खरवडते, हाताला पांढरी पूड लागते आणि लिंबाच्या रसाने जोरात फसफसते. जमिनीतल्या पाण्यात विरघळलेला चुना पाणी उडून गेल्यावर गोळा झालेला असतो. पिकाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, कारण अशा जमिनीत लोह पिकाला कमी मिळते आणि पाने पिवळी पडतात. माती परीक्षण करून घ्या.

प्रश्न: सड्यावर एक काळा, जड दगड सापडला. चुंबक चिकटतो. उल्का असेल का?
एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर: चुंबक चिकटण्याला फार महत्त्व देऊ नका. काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात, जोरदार चुंबक त्यालाही थोडा ओढला जातो. आणि खरी उल्का असेल तर जोरदार चुंबक लावल्याने तिच्यातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. होकायंत्र जवळ नेऊन सुई हलते का, एवढेच पाहा.

आधी छिद्रे शोधा. बुडबुड्यांची गोल छिद्रे असतील तर उल्का जवळजवळ नाहीच. तो बेसाल्ट किंवा जुन्या भट्टीतला लोखंडाचा कीट. कीट काचेसारखा चकाकतो, कधी त्यात कोळशाचा तुकडा अडकलेला दिसतो. मग फरशीची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि दगड तिच्यावर घासा. तांबडी-तपकिरी रेघ म्हणजे हेमाटाइट, हेही लोहखनिजच, पिवळट-तपकिरी म्हणजे जांभ्यातली लोहाची गाठ, काळी म्हणजे मॅग्नेटाइट. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर सापडलेला जड काळा गोळा बहुतेक वेळा पहिल्या दोहोंपैकी असतो. ताज्या दगडी उल्केची सहसा ठळक रेघ उमटत नाही. तिच्यावर सुमारे एक मिलिमीटरची पातळ काळी साल असते आणि फुटलेल्या कडेशी आत करडा दगड व धातूचे ठिपके दिसतात.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर घनताही काढता येते. दगड कोरडा तोला, समजा १३२ ग्रॅम. आता पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्य करा. दोऱ्याला बांधलेला दगड पाण्यात पूर्ण बुडेल पण बुडाला किंवा काठाला टेकणार नाही असा धरा. काटा ५० ग्रॅम दाखवेल तर १३२ भागिले ५० म्हणजे २.६४. हा क्वार्ट्झ किंवा कॅल्सेडनीचा आकडा आहे. बेसाल्ट २.८ ते ३ च्या दरम्यान, हेमाटाइट आणि मॅग्नेटाइट ५ च्या आसपास. दगडाला चिकटलेले बुडबुडे बोटाने झटका. एक ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर वीस ग्रॅमहून हलका दगड मोजू नका, एका ग्रॅमच्या फरकाने उत्तर २.६ चे ३.२ होते.

प्रश्न: ब्रायटनच्या किनाऱ्यावर सगळीकडे गोटेच गोटे आहेत. मुलाला सांगितले, ही आपली गारगोटी. बरोबर सांगितले का?
एक वाचक, लंडन

उत्तर: नात्याने बरोबर, नावाने नाही. तुम्ही उभे होता ते खऱ्या फ्लिंटवर. जवळच्या खडूच्या कड्यांकडे पाहिले तर पांढऱ्या भिंतीत काळ्या गोळ्यांच्या आडव्या ओळी दिसतात. खडू साचताना समुद्रातल्या स्पंजांचे सिलिकाचे सांगाडे विरघळले आणि तेच सिलिका गोळ्यांच्या रूपात पुन्हा साचले. आपली गारगोटी लाव्हाच्या पोकळीत वाढली, ही समुद्राच्या तळाशी. म्हणून फ्लिंटमध्ये समुद्री साळींदराची ठसठशीत जीवाश्मे मिळतात, आपल्या अकीकात ती मिळत नाहीत.

ओळख सोपी आहे: बाहेर पांढरी खडूची साल, आत काळा किंवा धुरकट करडा, शिंपल्यासारखी फूट. किनाऱ्यावर तपकिरी झालेले गोटे लोहाच्या डागामुळे तसे असतात. नॉरफोकमध्ये ग्राइम्स ग्रेव्ह्ज इथे नवाश्मयुगीन लोकांनी चांगल्या थरासाठी चारशेहून अधिक खड्डे खणले होते, मुलाला ते जरूर दाखवा. किनाऱ्यावरून दगड घरी नेण्याआधी तिथली सूचना वाचा, अनेक ठिकाणी मनाई आहे.

प्रश्न: आपण नेहमी काळ्या पाषाणाबद्दल लिहिता. आमच्याकडचे दगड त्या चौकटीत बसत नाहीत.
एक वाचक, भंडारा जिल्हा

उत्तर: तक्रार रास्त आहे. तुमच्याकडचे खडक दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुने आहेत. तिथे तीन जोड्या सतत फसवतात. क्वार्टझाइट आणि वालुकाश्म: ताजी फूट भिंगाखाली पाहा, फूट कणांच्या आरपार गेली असेल तर क्वार्टझाइट, कणांना वळसा घालून गेली असेल आणि बोटाला वाळू लागली तर वालुकाश्म. पांढरी गार आणि संगमरवर: खिळा आणि लिंबू दोन मिनिटांत निकाल देतात. मँगनीजचे खनिज आणि काळा पाषाण: मँगनीजची काळी रेघ फरशीवर उमटते, पाषाणाची तशी नाही, शिवाय वजनात फरक हाताला कळतो.

आणि निळसर, लांबट पट्ट्यांचा कायनाइट तुम्हाला मिळू शकतो. त्यावर पट्टीच्या लांबीच्या दिशेने पोलादी चाकूने ओरखडा उठतो, आडव्या दिशेने उठत नाही. एकाच स्फटिकाचे काठिण्य दिशेप्रमाणे बदलते. खिळ्याच्या परीक्षेत दोन वेगळी उत्तरे आली म्हणजे तुमचा हात चुकला असे नाही, दोन्ही दिशांच्या नोंदी वेगवेगळ्या लिहून ठेवा.